वाळवंटात सगळे एक, मग चोखोबा पायरीशी का?

कुसाजवळचा:
परवा टाळकरी यांनी आषाढीनिमित्त लेख टाकला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सार: लॅटिन अमेरिकेतल्या पाद्र्यांना १९६८ साली कोलंबियातल्या मेडेयीनच्या परिषदेत गरिबांचा देव सापडला, गुस्तावो गुतिएरेझ या पाद्र्यांनी १९७१ मध्ये त्यावर 'मुक्तीचं धर्मशास्त्र' हा ग्रंथ लिहिला आणि जगाने तो डोक्यावर घेतला. आपल्याकडे मात्र हेच सगळं चंद्रभागेच्या वाळवंटात सातशे वर्षांपूर्वी होऊन गेलं आणि आपल्यालाच त्याची किंमत नाही. खाली रामकृष्णहरींची रांग. मी दोनच ओळी लिहिणार होतो. त्या लांबल्या, म्हणून वेगळा धागा.

वाळवंटात सगळे एक, मान्य. पण वाळवंटापासून महाद्वारापर्यंत चालायला लागतात किती मिनिटं? तेवढं अंतर पार करायला चोखोबाच्या माणसांना १९४७ उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे ला पंढरपुरातच उपोषणाला बसले. 'जाव साने भीमापार, नहीं खुलेगा विठ्ठलद्वार' ही घोषणा देणारे लोक लॅटिन अमेरिकेतून आले नव्हते. उपोषण दहा दिवस चाललं. सातशे वर्षांच्या समतेला शेवटी एका मास्तरची उपाशी आतडी लागली.

आता मुद्दा. त्या पाद्र्यांनी नवीन काय म्हटलं? गरिबी हे नशीब नाही, ती कुणीतरी तयार केलेली आहे, आणि पाप नुसतं माणसाच्या मनात नसतं, व्यवस्थेतही असतं. चोखोबाच्या नावावरचा अभंग काय सांगतो? मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा जन्म मिळाला. ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्याच तोंडी त्याचा गुन्हा! त्याचा पोरगा कर्ममेळा देवालाच जाब विचारतो, पण कीर्तनात तो किती वेळा ऐकलात? मी मंगळवेढ्याच्या बाजूचा. चोखोबा गेला तो गावाची कूस बांधताना, ढिगाऱ्याखाली. वेठीला धरलेला मजूर म्हणून. एल साल्वादोरच्या आर्चबिशप रोमेरोंना १९८० मध्ये प्रार्थना चालू असताना गोळी घातली, जग त्यांना हुतात्मा म्हणतं. आपण चोखोबाच्या मरणाचं काय केलं? हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं हा चमत्कार सांगतो. कूस कुणाची होती, हे कुणी विचारत नाही.

टाळकरी:
आलात. वाटच बघत होतो.

एक: तो कृष्णनिंदेचा अभंग चोखोबांचाच, हे तुम्ही कुठल्या ताम्रपटावर वाचलं? गाथेत कुणी काय घुसडलं यावर हयाती गेल्यात लोकांच्या. सोयीचा तेवढा अस्सल आणि उरलेला प्रक्षिप्त, हा खेळ आम्हालाही येतो.

दोन: १९२० साली बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला, त्याच्या शिरोभागी कुणाच्या ओळी होत्या? तुकोबांच्या. 'बहिष्कृत भारत'वर? ज्ञानेश्वरांच्या. १९४८ साली बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण' यावरचा ग्रंथ ज्या तिघा संतांच्या स्मृतीला अर्पण केला त्यात चोखामेळा आहेत. त्यांना जे दिसलं ते तुम्हाला दिसत नाही, याला मी काय करू?

तीन: साने गुरुजी उपोषणाला बसले ती जागा कुणाची? तनपुरे महाराजांचा मठ. वारकऱ्याचाच ना? की ते नाव लिहिताना बोटं दुखली?

आळंदीपासून एकदा तरी चालला आहात का? दिवे घाटात बायका एकमेकींची ओझी घेतात, तेव्हा कुणी जात विचारत नाही. मी अकरा वर्षं बघतोय.

कुसाजवळचा:
तनपुरे महाराजांचं नाव राहिलं, चूक कबूल. एक मठ उघडला. बाकीचे किती उघडले ते तुम्ही सांगा.

'मूकनायक' १९२० चा. पुढची यादीही वाचा की. १९३० ला काळाराम, १९३५ ला येवला, १९५६ ला नागपूर. ज्याच्या ओळी मथळ्यावर घेतल्या त्याच्या घरात राहता आलं नाही. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं, त्यांना बाबासाहेबांनी काय उत्तर दिलं हे आमच्या घरात लहान पोराला पाठ असतं. जिथे तुला लांबून दर्शन घ्यावं लागतं ते पंढरपूर नको, आपण दुसरं उभारू.

आणि हो, चाललोय. १९९६ ला आजोबांबरोबर. दिंडीचं नाव सांगत नाही. पंगतीला आजोबा ताट घेऊन बाजूला, ट्रकच्या चाकाजवळ बसायचे. कुणी बस म्हणालं नव्हतं. कुणी इकडे ये असंही म्हणालं नाही. मी विचारलं तर म्हणाले, 'हवा लागते इथं.' जात कुणी विचारत नाही तुमचं खरंय. विचारायची गरजच नसते.

पेठेतला:
इरावती कर्व्यांनी हेच लिहून ठेवलंय. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालल्या, दिंडी एक, अभंग एक, जेवणं मात्र ब्राह्मणांची वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. त्यांना ते सलत राहिलं. टाळकरी म्हणतील बाई मानववंशशास्त्राच्या, भाव कळला नसेल.

खडूस काकू:
तुमचं सातशे वर्षांपूर्वीचं झालं असेल तर आजचं बोलू का? आमच्या गावच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला यंदा महाराजांचं पाकीट ३५ हजार. वर गाडीचं डिझेल आणि 'साउंड चांगला हवा' अशी ताकीद. काला म्हणजे गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करायच्या, एकमेकांच्या हातचं उष्टं खायचं. समतेचा सण! त्याचं कीर्तन ३५ हजारांत. गरिबांचा देव सापडला खरा, पण ऍडव्हान्स लागतो.

तुकोबा काय म्हणाले? जिथे कीर्तन करावं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये. यांना हार तर क्रेनने घालतात.

इंदापुरी:
काकू, मी मृदंग वाजवतो. त्या पाकिटात गायनाचार्य दोन, मृदंग एक, ड्रायव्हर एक, टाळकऱ्यांचं चहापाणी. माझ्या हातात रात्रीचे ८०० येतात. कधी ५००. मोबाइल दुरुस्त करायला गेलात तर तो पोरगा फुकट करतो का? ऑर्केस्ट्राला लाख देताना गावाला तुकोबा आठवत नाहीत.

खडूस काकू:
तुला ८०० मिळतात हाच तर माझा मुद्दा, बाळा! ३५ मधले ८००. उरलेले कुठे गेले ते महाराजांना विचार ना. व्यवस्थेतलं पाप, वर कुसाजवळच्यांनी लिहिलंय बघ.

इंदापुरी:
महाराजांना विचारलं तर पुढच्या सप्त्याला दुसरा मृदंग येतो. तुम्ही विचारा, तुमचं काय जातंय.

टाळकरी:
धागा भरकटतोय. मानधनावर वेगळा धागा काढा.

खडूस काकू:
नाही काढत. गाडगेबाबांना कोण पाकीट देत होतं? पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ ला सरळ बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली. एक माणूस खराटा घेऊन एवढं करतो. तुमच्या वारकरी फडांनी काय केलं, तेवढं सांगा आणि मग माझा प्रतिसाद उडवा.

वसईकर:
मी ख्रिस्ती, त्यामुळे पाकिटाच्या भांडणात पडत नाही (आमच्याकडे त्याला दुसरं नाव आहे). पण दोन्ही बाजू लॅटिन अमेरिकेचं फारच गोड चित्र काढताय. ते मुक्तीचं धर्मशास्त्र चर्चनेच गोंजारलं असं समजू नका. १९८४ ला रोममधून कार्डिनल रात्झिंगर (पुढे पोप झाले ते) यांच्या सहीचा त्याविरुद्ध इशारा निघाला. पुढच्याच वर्षी त्याच विचाराच्या ब्राझीलच्या लिओनार्दो बॉफना गप्प बसायला सांगितलं. रोमेरोंना संतपद मिळालं २०१८ ला, म्हणजे अडतीस वर्षांनी. आणि ज्या गरिबांसाठी हे चाललं होतं त्यांतले कितीतरी दरम्यान पेंटेकोस्टल या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या सभांना निघून गेले.

माझं आजोळ गोव्यातल्या साष्टीत. तिकडे चर्चमध्ये कॉन्फ्रारिया (भाविकांची मंडळं) असतात, फेस्ताची (सणाची) मिरवणूक आणि मान त्यांचा. अंगावरच्या झुलीच्या रंगावरून, लाल की निळी, कुणाचा वाडा कुठला ते कळायचं. माझ्या आजोबांची निळी. आईने लहानपणी एकदा विचारलं, आपली लाल का नाही? आजोबा म्हणाले, निळी धुवायला सोपी. कुसाजवळचे, तुमच्या आजोबांची 'हवा लागते' वाचली आणि हे आठवलं. चारशे वर्षं बाप्तिस्मा घेऊनही बामण बामणच, चार्दो (तिकडचे क्षत्रिय) चार्दोच.

कुसाजवळचा:
निळी धुवायला सोपी! दोघांना एकाच शाळेत घातलं होतं वाटतं.

पेठेतला:
म्हणजे निष्कर्ष असा की देव कुठलाही असो, रांग तीच. मग वारीला एकटीला झोडपायचं कारण?

कुसाजवळचा:
कारण टाळकऱ्यांनी लेख वारीवर लिहिला. साष्टीवर लिहिला असता तर साष्टीला झोडपलं असतं.

टाळकरी:
बरं, तुमच्या यादीत १९५६ नंतर काही घडलंच नाही का? २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने विठ्ठल मंदिरातल्या बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे हक्क संपवले. मंदिर समितीने सगळ्या जातींकडून, बायकांकडूनही पुजारीपणाचे अर्ज मागवले. 'बडवे हटाव'साठी कोण रस्त्यावर होतं? वारकरी होते. हे तुमच्या मेडेयीनपेक्षा कमी आहे का? तिथे बाई आजही मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणू शकत नाही. वसईकर, बरोबर ना?

वसईकर:
बरोबर. दुखतंय, पण बरोबर.

कुसाजवळचा:
ते हक्क काढणारा कायदा १९७३ चा, निकाल २०१४ चा. चाळीस वर्षं विठोबा तारखा घेत होता. तरी द्या, हा एक गुण तुमचा. बायकांच्या अर्जाचा तर दीड गुण. पण लक्षात घ्या, दार उपोषणाने उघडलं, कायद्याने उघडलं, कोर्टाने उघडलं. भजनाने नाही उघडलं.

टाळकरी:
उपोषणाला बसलेला माणूस काय म्हणत बसला होता? लावणी?

(हे हसून लिहिलंय. पण आजोबांचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही, तेही सांगतो. आमच्या दिंडीत असं होत नाही असं लिहिणार होतो. मग आठवलं, मी पंगतीत कायम पहिल्या रांगेत बसतो. ट्रकच्या चाकाकडे कधी पाहिलं नाही.)

खडूस काकू:
टाळकरी, हे आधी लिहिलं असतंत तर एवढे प्रतिसाद झालेच नसते. असो. इंदापुरी, ३५ हजारांचं काय ठरलं?

इंदापुरी:
काकू, तुमच्या गावाला आम्ही पोरं येतो. महाराज नाहीत, आमच्यातलाच एकजण कीर्तन करतो, बी.एड. झालाय. पाकीट नको. टेम्पोचं डिझेल आणि जेवण द्या. फक्त साउंड बरा असू द्या.

खडूस काकू:
या की. श्रावणात सप्ता आहे. कर्ममेळा म्हणणार असाल तर डिझेल वर २०० जास्त.

कुसाजवळचा:
काकू, मीही येतो आजोबांचा फोटो घेऊन. फक्त एक आधीच सांगा. तुमच्या सप्त्याची पंगत एक बसते की दोन?

खडूस काकू:
बौद्धवाडीची वर्गणी येते. पंगतीचं विचारून सांगते.