इनामगाव: राहत्या घराच्या जमिनीखाली लेकरं का पुरली असतील?

घोडकाठचा:
पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचतोय, तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती ती. तान्हं मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, मूल आत, आणि ते सगळं राहत्या घराच्या जमिनीखाली. मोठ्या माणसांना उताणं निजवून घोट्याखालचे पाय तोडलेले. घरातच का? पाय का तोडले? चौथीतल्या मुलीनं विचारलं, मला काही सांगता आलं नाही.

पांढरीची लेक:
माझी आई त्या खोदकामावर रोजानं जायची. घमेली उचलायची, खापरं धुवायची. जुन्या वस्तीची ती राखेसारखी माती, तिला आम्ही पांढरी म्हणतो. रांजणाची कड दिसली की टिकाव बाजूला ठेवायचा, पुढचं सगळं काम खुरपं आणि कुंचल्यानं. आत काडीएवढ्या बरगड्या. आईचं पहिलं मूल त्याआधी गेलं होतं, ओढ्याकाठी पुरलेलं. लहान पोर आपल्याकडे अजूनही जाळत नाहीत, पुरतातच. घरी येऊन आई एवढंच म्हणाली, "तिनं जवळ ठेवलं गं." मला तरी याहून खरं उत्तर कुठं सापडलेलं नाही.

खापरवेडा:
ताईंचं पटलं. थोडी माहिती जोडतो. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ इथं खोदलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. खाली माळवा संस्कृतीच्या, म्हणजे मध्य भारतातल्या जुन्या शेतकरी लोकांचा थर, साधारण इ.स.पू. १६०० चा. त्यावर जोर्वे (संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव पडलेली संस्कृती), सगळ्यात वर तिचाच शेवटचा टप्पा, उत्तर जोर्वे, इ.स.पू. ७०० पर्यंत. शेवटी शेती खालावली आणि ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या.

पायांबद्दल उत्खनकांचा तर्क असा, की मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये. तर्कच आहे, पण मला पटतो. एक अपवादही आहे. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा रांजण निघाला. आत एक पुरुष, पोटातल्या बाळासारखा गुडघे दुमडून बसवलेला, पाय शाबूत. गावाचा प्रमुख असावा असं मानतात.

पांढरीची लेक:
बिनशिराच्या देवीबद्दलही मुलीला सांगा. घराच्या जमिनीखाली झाकणाच्या मातीच्या पेटीत ती आणि एक बैल होता. तिच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे, काडी घातली की देवी बैलावर उभी राहते. दोन्ही कच्च्या मातीचे, तीन हजार वर्षं टिकले.

घोडकाठचा:
ताई, तुमच्या आईचं वाक्य मुलीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, त्यांना भूक लागली तर?

खापरवेडा:
सांगा तिला, तिथल्या दफनांपाशी तोटीचं भांडं आणि वाडगा ठेवलेला सापडतो.