किरीट मिळाला म्हणून प्रश्न मिटला?

काही जण म्हणतात की २०१५ साली आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली, पुढच्याच वर्षी प्रियांका योशिकावा मिस वर्ल्ड जपान झाली, म्हणजे मिश्र वंशाच्या लोकांना जपानने आपलं मानलं. मला काही हे पटत नाही. दोघींच्याही निवडीनंतर ‘ही कुठे जपानी दिसते?’ अशी ओरड झालीच की! आरियाना तर नागासाकी प्रांतातल्या सासेबोची, तिथेच लहानाची मोठी झालेली. (प्रियांकाचे वडील भारतीय, त्यामुळे आपल्याकडे तिचं कौतुक अंमळ जास्तच झालं.)

चेहऱ्यामोहऱ्याचं सोडा, कायदा बघा. १९८५ पर्यंत विवाहित जोडप्याच्या मुलाला जपानी नागरिकत्व मिळायचं ते बापाकडून. आई जपानी आणि बाप अमेरिकन सैनिक असला, आणि मुलाला अमेरिकन नागरिकत्व मिळण्यासाठी बापाला लागू असलेल्या अमेरिकेतल्या वास्तव्याच्या अटीत तो बसत नसला, की मूल ना इकडचं ना तिकडचं. अमेरिकी लष्करी तळ असलेल्या ओकिनावात अशी मुलं होती, जन्म तिथला, भाषा तिथली, पण नागरिकत्व कुठलंच नाही.

जपानी आई आणि हैतीच्या वडिलांची मुलगी असलेल्या टेनिसपटू नाओमी ओसाकाचंही उदाहरण बघा. जानेवारी २०१९ मध्ये निस्सिनच्या नूडल्सच्या कार्टून जाहिरातीत तिला चक्क गोरी दाखवली. टीका झाल्यावर जाहिरात मागे घेतली, माफी मागितली. त्याच वर्षी बाविशी गाठताना, दुहेरी नागरिकत्व असलेल्यांनी बाविशीपर्यंत एक देश निवडावा या तेव्हाच्या नियमापायी, तिने जपान निवडलं. २०२१ मध्ये टोकियोत ऑलिम्पिकची ज्योत तिच्याच हातून पेटली. काही आठवड्यांनी... नव्हे, काही दिवसांतच ती स्पर्धेत हरली, तर लगेच ऑनलाइन तिच्या जपानीपणावर शंका सुरू!