पंधरा दिवसांच्या मिशन ट्रिपने अनाथ मुलांचं भलं होतं का?

भायखळ्याची_मावशी
सर्वांना सलाम. माझी भाची आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथ शाळा (मुलांचे बायबलचे वर्ग) घेते. डिसेंबरात ती धरून आमच्या तरुण संघातले नऊ जण केनियात नैरोबीला निघालेत, किबेरा वस्तीजवळच्या एका अनाथाश्रमात. पंधरा दिवस गाणी, बायबलच्या गोष्टी, इंग्रजीचे धडे, भिंतींना रंग. माणशी खर्च दीड लाखाच्या घरात. मंडळीत वर्गणी सुरू आहे, मी अजून दिलेली नाही. पोरांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण आईबापाविना वाढणाऱ्या मुलाला पंधरा दिवस लळा लावायचा आणि सोळाव्या दिवशी विमानात बसायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

विरार_लोकल
मावशी, मी 2019 मध्ये असाच युगांडाला जाऊन आलोय. तिथे मी फार काही दिवे लावले नाहीत, हे मान्य. पण परत आल्यावर दर शनिवारी नालासोपाऱ्यात मुलांचा अभ्यास घेतो, आजही. त्या प्रवासाआधी मला हे सुचलंसुद्धा नव्हतं. "इथे धारावी असताना तिकडे कशाला" असं म्हणणारे खूप भेटले. त्यातले किती जण धारावीत जातात? सायनच्या पुलावरून बघतात आणि पुढे जातात. पोरांना जाऊ द्या.

माजी_गृहमाता
तुमचं भलं झालं, आनंद आहे. मावशींनी मुलांबद्दल विचारलंय.

मी पूर्व उपनगरातल्या एका बालगृहात अकरा वर्षं काम केलं. रविवारी वाढदिवसाचा केक घेऊन पाहुणे यायचे. चार-पाच वर्षांची पोरं पळत जाऊन अनोळखी माणसाच्या गळ्यात पडायची. पाहुणे म्हणायचे, किती मायाळू आहेत! माझ्या पोटात गोळा यायचा. घरात वाढलेलं मूल आधी आईच्या पदराआड लपतं. कोणीही आलं की बिलगणारं मूल बऱ्याचदा माणसं सोडून जाण्याची सवय झालेलं असतं. संध्याकाळी एकच प्रश्न, "ती ताई परत कधी येणार?" उत्तर आम्ही द्यायचं.

आणि फोटो. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. मग नैरोबीच्या मुलांचे फोटो स्टेटसला कसे चालतात?

अनाथाश्रमातली मुलं अनाथच असतात, हाही गैरसमज. जगभर अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात; गरिबीमुळे मूल तिथे पोचतं. पाहुण्यांचे पैसे येत राहिले की मूल घरी पाठवण्याची घाई कुणालाच नसते. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी असा अनाथाश्रमांचा व्यापार आधुनिक गुलामगिरीत धरला. खुद्द केनियाने 2017 पासून नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली. आपण तिथे कशाला हातभार लावतोय, ते आधी बघा.

दादरकर_72
माझा आक्षेप वेगळा आहे. लहान, गरजू मुलाला खाऊ आणि धर्म एकाच हाताने देऊ नये. कुठल्याही धर्माने.

विरार_लोकल
दादरकर, केनियात बहुसंख्य लोक आधीपासूनच ख्रिस्ती आहेत. धर्मांतराचा प्रश्न तिथे येतो कुठे?

दादरकर_72
मग बायबलच्या गोष्टी सांगायला तिथलेच लोक आहेत की, तेही स्वाहिलीत.

नगरची_लेक
परदेशी जाऊन सेवा करणं मुळात चूक, असं मात्र कुणी म्हणू नये. सिंथिया फरार 1827 साली अमेरिकेतून मुंबईला आल्या. मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. माझ्या पणजीच्या घराण्यात मुली शिकल्या त्या अशा बायांमुळे. पण त्या राहिल्या.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडलं ते बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर. देणगीदार काही मुलींच्या वेण्या घालायला आले नाहीत. पैसे त्यांनी दिले, मुली रमाबाईंनी सांभाळल्या. मला हाच मार्ग पटतो. नऊ जणांचे साडेतेरा लाख होतात! त्यात तिथल्या किती शिक्षिकांचा पगार निघेल, विचारा तरी.

विरार_लोकल
ताई, वर्गणी माणसं बघून मिळते. "आमची पोरं जाताहेत" म्हटल्यावर जे पाकीट उघडतं, ते "केनियाच्या शिक्षिकेचा पगार" म्हटल्यावर उघडत नाही. आणि चौतीस वर्षं राहायचं कुणी घरबसल्या ठरवत नाही. आधी कुठेतरी पाऊल टाकावंच लागतं.

माजी_गृहमाता
पाऊल टाका. मुलांच्या अंगावर नको, एवढंच.

भायखळ्याची_मावशी
काल भाचीला हे सगळं वाचायला दिलं. फोटोंचं वाचून ती रडली. मागच्या गटाचे फोटो तिने स्वतः पुढे पाठवले होते. जायचं म्हणतेच आहे. पण मुलांऐवजी तिथल्या शिक्षिकांच्या हाताखाली काम देतील का, हे विचारणारं पत्र तिने रात्री लिहिलं. उत्तर आलं की वर्गणीचं ठरवेन.

माजी_गृहमाता
त्या पत्रात आणखी एक ओळ घालायला सांगा : तुमच्याकडच्या किती मुलांचे आईवडील हयात आहेत, आणि गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली?