खिशात-पिशवीत काय काय असतं तुमच्या? आणि मोबाईल हवाच का?

परवा मोबाईल घरी चार्जिंगलाच राहिला. नाशिकात इंदिरानगरच्या स्टॉपवर आठवलं, तोवर बस समोर उभी. खिसे चाचपले: किल्ल्या, फणी, रुमाल, रिफिल संपलेलं पेन आणि पाकिटाच्या मागच्या कप्प्यात घडी घातलेली पन्नासची नोट. तेवढ्यावर दिवस निभावला. फक्त दुपारी ऑफिसच्या फोनवरून घरी कळवायला गेलो तर बायकोचा नंबर आठवेना. आठवला तो वडिलांकडचा लँडलाइन, कधीच बंद झालेला.

तुम्ही काय बाळगता, मोबाईलवाचून अडतं का, लिहा. उपदेश नको, अनुभव हवेत.

पिंपळगाव बसवंत
अडतं. द्राक्षबाग आहे, विहीर घरापासून लांब, आणि लाइट येते रात्री. पूर्वी बॅटरी-काठी घेऊन मोटार चालू करायला जायचो. आता स्टार्टरला सिमकार्ड बसवलंय, अंथरुणातूनच फोन लावायचा. 'मोबाईल सोडा' म्हणणाऱ्यांनी पौषात रात्री 2 वाजता आमच्या बांधावर यावं.
बाकी खिशात विरळणीची कात्री. काढणी जवळ आली की रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली गोडी मोजायची नळी. मणी चुरडून रसाचा थेंब काचेवर टाकायचा, नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरायची. निळं संपून पांढरं सुरू होतं तिथला आकडा वाचायचा. 18 च्या आसपास गेला की व्यापाऱ्याशी भाव बोलायचा. तो बोलायलाही फोनच, म्हणा.

पंचवटी
बांगडीत सेफ्टी पिना, पर्समध्ये सुई-दोरा, लवंगा, कापडी पिशवी.
2003 च्या सिंहस्थात सासूबाई रामकुंडावर गर्दीत चुकल्या. मोबाईल आमच्यात कुणाकडेच नव्हता. मामंजींनी त्यांच्या पदराच्या टोकाला शेजारच्या वाण्याचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून दिली होती. एका पोलिसाने एसटीडी बूथवरून लावून दिला. पण स्नानात पदर भिजून शेवटचा आकडा पसरलेला, 3 की 8 कळेना. आधी 3 लावला, कुणीतरी झोपेतून उठून ओरडलं. मग 8. आजही भद्रकालीत जाताना माझ्या पर्समध्ये नंबरांची चिठ्ठी असते. मुलगा हसतो, हसू दे.

गिर्यारोहक, कॉलेज रोड
हरिहर गडाच्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत लागतात. मोबाईल सॅकमध्ये, शिट्टी गळ्यात.

सातपूर
आमच्या कंपनीत मोबाईल गेटवर जमा. बदल्यात पितळी टोकन, आठ तास खिशात तेवढंच. आई बाथरूममध्ये घसरली तेव्हा घरच्यांनी गेटवर फोन केला. निरोप माझ्या मशीनपर्यंत यायला चाळीस मिनिटं लागली. त्याचा राग अजून आहे. तरी खोटं कशाला बोलू, कँटीनमध्ये डबा मात्र चवीनं खातो. चौघं एकमेकांच्या भाज्या ओळखतो.

मखमलाबाद
आईच्या वतीने लिहितोय. ती बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भाजी घेऊन बसते. क्यूआर कोडचा पुठ्ठा जुड्यांना टेकवलेला, पण खातं माझ्या फोनला जोडलेलं आणि फोन माझ्याबरोबर कॉलेजात. गिऱ्हाईक आपला मोबाईल तिच्यापुढे धरतं, ती मान डोलावते. तिला त्यातलं हिरवं टिकमार्क तेवढं कळतं. मागच्या बुधवारी हिशोबात ऐंशी रुपये कमी आले. आता ती पुठ्ठा उलटा ठेवते आणि गोणपाटाखालची सुट्ट्यांची पिशवी पुढे ओढते.