एक्सॉरने लपवलेली मराठी फाइल कितपत सुरक्षित?

चौकटराजा: मराठी मजकुराची यूटीएफ-८ फाइल १० अक्षरी इंग्रजी पासवर्डने एक्सॉर करणारी स्क्रिप्ट आहे (दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १; त्याच पासवर्डने पुन्हा केलं की मूळ मजकूर परत). पासवर्ड संपला की पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात. १० बाइट म्हणजे ८० बिट, एवढ्या शक्यता कोण तपासत बसणार? तरी जो तो एईएस (सर्वत्र वापरली जाणारी प्रमाणित सांकेतिक पद्धत) वापरा म्हणतो. हे खरंच फुटतं का, आणि कसं? पासवर्ड फाइलएवढा लांब केला तर? आणि एईएसच घ्यायचं तर काय काय पाळावं लागतं?

बिनघोर: फुटतं, आणि त्यासाठी सगळ्या शक्यता तपासाव्या लागतच नाहीत. २६ अक्षरांची नुसती अदलाबदल केली तरी सुमारे ८८ बिटांएवढ्या चाव्या होतात, म्हणजे तुमच्याहून जास्त. तो सायफर (सांकेतिक लेखन) अक्षरांची वारंवारता मोजून सोडवायची रीत अरब विद्वान अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली. तुमची स्क्रिप्ट म्हणजे बाइटांवर चालवलेला व्हिजनेअर (चावीचा शब्द पुन्हा पुन्हा लावणारा जुना सायफर), आणि त्यावरचा हल्ला कासिस्कीने १८६३ मध्ये छापला.

मराठीत तर काम आणखी सोपं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (मात्रा आणि हलन्तसुद्धा) ३ बाइट घेतं. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. खरी माहिती काय ती तिसऱ्यात.

आधी चावीची लांबी काढा. लपवलेल्या फाइलची प्रत एकेक बाइट सरकवत तिच्याशीच ताडून बघा. १०, २०, ३० बाइट सरकवल्यावर जुळणाऱ्या बाइटांची संख्या उसळते. मग दर दहावा बाइट एकत्र करून १० रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात सगळ्यात जास्त वेळा दिसणारा बाइट बहुधा २२४ चाच असतो. समजा तो १३९ निघाला: १३९ एक्सॉर २२४ = १०७, म्हणजे स्मॉल 'के'. एखाद्या रकान्यात चुकून १६४ वरचढ ठरला, तर स्मॉल अक्षराच्या जागी आकडा किंवा विरामचिन्ह येतं आणि गफलत लगेच लक्षात येते. दोन-तीन केबीची फाइल पुरते.

शून्यशेष: लांब चावीबद्दल. फाइलएवढी लांब, पूर्णपणे यादृच्छिक आणि एकदाच वापरलेली चावी असेल तर तो वन-टाइम पॅड. तो फुटत नाही हे गणितज्ञ शॅननने १९४९ च्या लेखात सिद्ध केलं. पण तिन्ही अटी हव्यात. पुस्तकातला उतारा चावी म्हणून घेतला तर तो यादृच्छिक नाही. तीच चावी दुसऱ्या फाइलला लावली, तर दोन्ही सायफर एकमेकांशी एक्सॉर केल्यावर चावी गळून पडते आणि हातात दोन मजकुरांचा एक्सॉर राहतो. सोव्हिएत पॅडची काही पानं दोनदा छापली गेली म्हणूनच व्हेनोना या अमेरिकी संकेतभेद प्रकल्पात त्यांचे काही संदेश वाचता आले. शिवाय १ जीबी फाइलसाठी १ जीबी चावी लपवायची, मग फाइलच का लपवू नये!

गाठमारे: एईएसपुरतं सांगतो.

ईसीबी मोड (प्रत्येक ठोकळा सुटा सुटा लपवणारी पद्धत) नको. त्यात एकसारखे १६ बाइटचे ठोकळे एकसारखेच बाहेर पडतात. जीसीएम हा मोड घ्या, म्हणजे कोणी फाइलीत ढवळाढवळ केली तर तेही कळतं. साध्या एक्सॉरमध्ये ती सोय शून्य.

पासवर्ड थेट चावी म्हणून देऊ नका. १६ बाइट यादृच्छिक सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळायचे बाइट) घेऊन आर्गॉन-२-आयडी (पासवर्डपासून चावी बनवणारं, मुद्दाम जड ठेवलेलं फंक्शन) चालवा (६४ एमबी मेमरी, ३ फेऱ्या, ४ लेन म्हणजे समांतर धागे) आणि ३२ बाइटची चावी काढा. नॉन्स (एकदाच वापरायची संख्या) १२ बाइटचा, दर वेळी नवा. जीसीएमचं खरं दुखणं इथेच आहे: एकाच चावीवर नॉन्स दोनदा आला की वर सांगितलेली दोन-फाइलींची गत तर होतेच, वर खोटे टॅग (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) बनवायची वाटही खुली होते. फाइलीत क्रमाने सॉल्ट, नॉन्स, सायफर, शेवटी १६ बाइटचा टॅग ठेवा. एकूण ४४ बाइट वाढतात. सॉल्ट आणि नॉन्स गुप्त नसले तरी चालतं.

यादृच्छिक बाइट ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्या, भाषेच्या साध्या रँडम फंक्शनकडून नको.

चौकटराजा: करून पाहिलं. इंग्रजी पासवर्डने उघडते, पण 'दुसऱ्या' हा शब्द असलेला मराठी पासवर्ड दुसऱ्या कीबोर्डवरून टाकला की टॅग जुळत नाही. आणि हीच फाइल दुसऱ्याला पाठवायची तर थेट आरएसए (सार्वजनिक चावीने लपवून खाजगी चावीने उघडायची पद्धत) का नको?

गाठमारे: 'ऱ' एका कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या चिन्हाच्या क्रमांकाचा) असतो, किंवा र आणि नुक्ता मिळून दोनाचा. दिसायला एकच, बाइट वेगळे, म्हणून चावीही वेगळी. आर्गॉनआधी पासवर्ड एनएफसी (युनिकोडचं ठरावीक जोडलेलं रूप) या रूपात आणा. पण काही कीबोर्ड र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) टाकतात. ते एनएफसीने बदलत नाही, वेगळं हाताळावं लागेल.

शून्यशेष: २०४८ बिटांच्या आरएसएला ओएईपी (सुरक्षिततेसाठी भर घालायची पद्धत) आणि त्यात शा-२५६ हे हॅश फंक्शन लावल्यावर एका वेळी जेमतेम १९० बाइट मावतात. म्हणून ३२ बाइटची नवी एईएस चावी आरएसएने गुंडाळतात आणि फाइल एईएसने. समोरच्याची सार्वजनिक चावी त्याचीच आहे ना, हे मात्र फोनवर तिचा ठसा (चावीवरून काढलेला छोटा हॅश) वाचून पडताळा. मधल्या कोणी स्वतःची चावी सरकवली तर गणित बिनचूक असूनही फाइल त्याच्याच हाती पडते.