'वन डे इन सप्टेंबर' बघितली, म्युनिकला खरंच इतका सावळा गोंधळ झाला होता का?

रानवारा:
केव्हिन मॅकडॉनल्डची १९९९ ची डॉक्युमेंटरी, ऑस्कर मिळालेली, शेवटी एकदाची बघितली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ब्लॅक सप्टेंबर या पॅलेस्टिनी अतिरेकी संघटनेच्या आठ जणांनी इस्रायली खेळाडू आणि कोच ओलीस धरले, अकराच्या अकरा गेले, एवढं माहीत होतं, पण जर्मन पोलिसांचा जो कारभार दाखवलाय तो बघून डोकंच सुन्न झालं. जाणकारांनी सांगा, फिल्ममध्ये वाढवून दाखवलंय का? आणि हल्लेखोरांपैकी जिवंत राहिलेल्या जमाल अल गाशीला मुलाखत द्यायला बसवलंय ते पटलं का तुम्हाला?

चौकस:
गोंधळाचं काहीच वाढवलेलं नाही हो. अतिरेकी आणि ओलिसांना रात्री हेलिकॉप्टरने म्युनिकजवळच्या फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर नेलं, तिथे आठ अतिरेक्यांसमोर नेमबाज पाच, तेही स्पेशल ट्रेनिंग नसलेले, एकमेकांशी बोलायला रेडिओ नाही आणि रात्रीची वेळ. विमानात क्रूच्या वेषात जे पोलीस दबा धरून बसायचे होते त्यांनी आपसात मत घेऊन ऐनवेळी काढता पाय घेतला. चिलखती गाड्या तर बोलावल्याच उशिरा, त्यात ट्रॅफिकमध्ये अडकल्या. नऊ ओलीस हेलिकॉप्टरमध्ये बांधलेल्या अवस्थेत मारले गेले, बाकी दोघं, वाइनबर्ग आणि रोमानो, आधीच ऑलिम्पिक व्हिलेजमध्ये गेले होते. व्हिलेजमधला दुपारचा प्रकार तर त्याहून भयंकर, पोलीस ट्रॅकसूट घालून छतावर चढतायत आणि ते टीव्हीवर लाइव्ह चालू, खोल्यांमध्ये टीव्ही होते, वीजही कोणी तोडली नव्हती, शेवटी तो बेत गुंडाळावा लागला.

मृणाल_द:
अल गाशीची मुलाखत मला हवीच वाटली, कारण समोर आंकी श्पिट्झर आहे, मारल्या गेलेल्या फेन्सिंग कोच आंद्रेची बायको, आणि तिचं बोलणं ऐकल्यावर त्याच्या बाजूने कोणी जाईल असं वाटत नाही. मला खटकलं ते शेवटी मृतदेहांचे फोटो रॉक म्युझिकवर भराभर दाखवलेत ते. त्या माणसांना घरचे लोक आहेत, ते हे बघणार, एवढा तरी विचार करायला हवा होता.

रानवारा:
मृणाल, त्या सीनला मी पण स्क्रीनवरून नजर काढली. पण हल्लेखोरांपैकी जिवंत पकडलेल्या तिघांना दोन महिन्यांच्या आत सोडून दिलं हे कसं काय?

चौकस:
२९ ऑक्टोबर १९७२ ला लुफ्तान्साचं विमान हायजॅक झालं आणि त्याच दिवशी तिघांना सोडलं. हे हायजॅक जर्मनांच्या संगनमताने झालं असा फिल्मचा आरोप आहे, तो आरोप म्हणूनच घ्या, पण सोडायची घाई बघून संशय येतोच. म्युनिकनंतर लगेच त्यांनी जीएसजी ९ ही खास तुकडी उभी केली, तिनेच १९७७ ला मोगादिशूला विमानातले ओलीस सोडवले. म्हणजे जमत होतं, तयारीच केली नव्हती, याचाच जास्त राग येतो. घरच्यांना मात्र पन्नास वर्षं भांडावं लागलं, २०२२ मध्ये कुठे २ कोटी ८० लाख युरोची भरपाई ठरली आणि जर्मन राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली.