स्पॅनिश येत नाही, शिकायचीही नाही. गाणी मात्र रोज ऐकतो

सूरपारंबी

गेली सहा वर्षं माझ्या हेडफोनमध्ये निम्म्याहून जास्त गाणी स्पॅनिश असतात. सुरुवात सोडा स्टेरेओपासून झाली. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसमधला तिघांचा बँड, १९८२ साली सुरू झालेला. त्यांचा १९९० चा 'कान्सियोन अनिमाल' अल्बम एका मित्राने पाठवला आणि त्यातलं 'दे मूसिका लिहेरा' त्या रात्री किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. एक शब्द कळत नव्हता. आजही कळत नाही. म्हणजे 'आमोर' कळतं, पण ते काय कुणालाही कळतं.

"अरे, पण यातलं तुला समजतं काय?" हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की शेवटी धागाच काढला. माझं उत्तर असं की समजत नाही म्हणूनच मजा येते. ओळखीच्या भाषेतलं गाणं लागलं की माझं अर्धं लक्ष शब्दांना नावं ठेवण्यात जातं. यमकासाठी ओढून आणलेला शब्द दाताखाली खडा यावा तसा लागतो. परक्या भाषेत खडे नाहीत. गळा हे आणखी एक वाद्य होतं, गिटारच्या बाजूला बसलेलं. त्यात स्पॅनिश याला फार सोयीची. स्वर मोजून पाच, तेही आपल्या ओळखीचे, आणि बहुतेक अक्षरं स्वरावर संपणारी. ऐकून तसंच्या तसं म्हणता येतं.

भाषांतर शोधायचं नाही, हा माझा नियम आहे. असं ऐकणं कमअस्सल आहे असं मला वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी बोलावं.

उंबरठा

मला वाटतं, म्हणून बोलते.

गळा वाद्य होतो हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण समोरचा माणूस जीव तोडून काहीतरी सांगतोय आणि आपण म्हणतोय, "वा, काय आवाज आहे!" हे मला उद्धटपणाचं वाटतं.

लोस फाबुलोसोस कादिलाक्स या अर्जेंटिनी बँडचं १९९३ चं 'मातादोर' तुम्ही ऐकलं असेलच. सुरुवातीलाच ढोलांचा असा दणका की पाय थांबत नाहीत. जगभर लोक त्यावर नाचतात. गाण्यात काय आहे? 'मातादोर' या नावाचा एक बंडखोर आहे, सत्तेची माणसं त्याच्या मागावर आहेत, गोळ्यांचे आवाज येताहेत. मध्येच व्हिक्तोर हाराचं नाव येतं. हारा हा चिलीचा गायक, १९७३ च्या लष्करी उठावानंतर कैदेत छळ करून मारलेला. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्कराचं राज्य होतं आणि हजारो माणसं नाहीशी केली गेली. तिथल्या श्रोत्याला तो ढोल पाठलागासारखा ऐकू येतो. तुम्हाला वरातीसारखा येत असेल, तर तुम्ही वेगळंच गाणं ऐकताय.

रिकामा_बाक

मला आपल्या भाषेतल्या गाण्यांचेही शब्द चुकीचे ऐकू येतात. माझी सोय कुठल्या गटात?

मधली_ओळ

उंबरठाताई, मुद्दा पोचला, पण 'उद्धटपणा' जरा जास्त झाला. हीच मोजपट्टी गाणाऱ्यांना लावून बघा.

'ला बाम्बा' रॉकच्या ठेक्यात पहिल्यांदा घराघरांत नेलं ते रिची व्हॅलेन्सने, १९५८ मध्ये. मूळ गाणं मेक्सिकोतल्या वेराक्रूसचं लोकगीत. रिची वाढला कॅलिफोर्नियात, घरात इंग्रजी, स्पॅनिश जेमतेम. शब्द त्याने पाठ करून म्हटले. वय सतरा! टेक्ससची सेलेनाही तशीच. इंग्रजीत वाढली, सुरुवातीची स्पॅनिश गाणी नुसत्या उच्चारांवर बसवली, भाषा पुढे हळूहळू शिकली. गाणाऱ्यालाच जिथे शब्दन्‌शब्द कळत नव्हता, तिथे ऐकणाऱ्याने आधी परीक्षा पास व्हायची?

आणि लास केचपचं २००२ चं 'आसेरेहे' तर या धाग्यासाठीच जन्माला आलंय. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या तीन बहिणी. गाण्यातला दिएगो क्लबात जातो, डीजे त्याचं लाडकं गाणं लावतो आणि दिएगो सोबत गातो. ते लाडकं गाणं म्हणजे शुगरहिल गँगचं १९७९ चं इंग्रजी रॅप 'रॅपर्स डिलाइट'. दिएगोला इंग्रजीचा गंध नाही. त्याच्या कानाला जे ऐकू येतं ते तो ठोकून देतो, आणि तेच या गाण्याचं ध्रुवपद. म्हणजे स्पॅनिश येणाऱ्यालाही त्यातून काही कळायचं नाही, कारण कळण्यासारखं काही नाहीच. तरी अर्थ हवाच असलेल्यांनी त्यात सैतान शोधून काढला. 'आसेरेहे' म्हणजे 'आ सेर एरेहे', पाखंडी व्हायला चला, अशी अफवा पसरली होती. अर्थाच्या मागे हात धुऊन लागलं की हे असं होतं.

उंबरठा

'आसेरेहे'ला दाद देते. तिथे हरले.

रिची आणि सेलेना मात्र माझ्या बाजूचे साक्षीदार आहेत. त्या पोरांनी न येणारी भाषा जिभेवर बसवायला कष्ट घेतले. सूरपारंबी तर 'शोधायचं नाही' असा नियमच करून बसलेत! न कळणं वेगळं आणि न कळू देणं वेगळं.

दुसरं उदाहरण देते, हे जास्त बोचेल. काफे ताकूबा या मेक्सिकन बँडचा १९९४ चा 'रे' अल्बम, त्यातलं 'ला इनग्राता'. उडता, गमतीशीर नॉर्तेन्यो, म्हणजे उत्तर मेक्सिकोतला लोकसंगीताचा ठेका. मैफलीत लोक वेडे व्हायचे. गाण्यातला प्रियकर त्या 'कृतघ्न' बाईला गोळ्या घालायची भाषा करतो. अखेर २०१७ मध्ये, बायकांवरच्या हिंसेचा विचार करून, हे आता गाणार नाही असं बँडनेच सांगितलं. त्यांचं सगळ्यांत गाजलेल्यांपैकी एक गाणं. गाणाऱ्यांना नको झालं, आणि 'गळा म्हणजे वाद्य'वाला श्रोता आपला डोलतोच आहे.

तिरकस

अर्धवट कळणाऱ्यांचं काय? मला तेच जास्त धोक्याचे वाटतात. कोलंबियाच्या हुआनेसचं 'ला कामिसा नेग्रा' म्हणजे काळा शर्ट. गाण्यात तो प्रेमभंगाच्या सुतकाचा आहे. इटालियन स्पॅनिशच्या जवळची भाषा, त्यामुळे इटलीत हे दोन शब्द चटकन कळले, आणि तिथे काळा शर्ट म्हणजे मुसोलिनीचे लोक. उजव्या टोकाची पोरं क्लबात या गाण्यावर हात वर करायला लागली. राजकारणाचा काही संबंध नाही असा खुलासा बिचाऱ्या हुआनेसला करावा लागला. एकही शब्द न कळणाऱ्याने कुणाचं काय बिघडवलं असतं?

उलट बाजूला मलेशिया. २०१७ मध्ये 'देस्पासितो' जगभर कित्येक महिने वाजून झालं, आणि मग जुलैत कुणीतरी शब्दांबद्दल तक्रार केल्यावर तिथल्या सरकारी रेडिओ-टीव्हीने ते बंद केलं. तोवर सगळे सुखात होते.

वहीतली_अक्षरं

मी दोन्हीकडून जाऊन आले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी नुसती ऐकायचे. मग तीन वर्षांपूर्वी, गाण्यांपायीच, स्पॅनिश शिकायला लागले. आता बऱ्यापैकी येतं.

पहिला फरक कानाचा पडला. पूर्वी मला वाटायचं हे लोक फार भरभर गातात. तसं नसतं. एक शब्द स्वरावर संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला की ते दोन स्वर एकाच अक्षरात विरघळतात. याला सिनालेफा म्हणतात. आपल्या संधीसारखंच, पण लिहून दाखवत नाहीत, तोंडातच होतो. 'ला ओत्रा ओरा' ही लिहिताना पाच अक्षरं; गाताना 'लाओ-त्राओ-रा', तीन. हे कळल्यावर गाण्यांची शिवण दिसायला लागली. कुठे कवीने अक्षरं मापात बसवलीत आणि कुठे चालीसाठी आघात भलत्याच अक्षरावर टाकलाय, तेही. म्हणजे सूरपारंबींचे खडे स्पॅनिशमध्येही भरपूर आहेत हो. त्यांना ते लागत नाहीत, एवढंच.

दुसरा फरक, काही गाणी माझ्या हातून गेली. नावं घेत नाही, पण ज्या गाण्यांवर मी रडले होते त्यातली काही निव्वळ टुकार निघाली. "तुझ्याशिवाय श्वास घेता येत नाही", दर कडव्यात. न कळण्यातच त्यांची अब्रू होती.

आणि मेकानोचं 'इहो दे ला लूना'. स्पेनमधला बँड, गाणं १९८६ चं. आना तोरोखाचा पातळ, उंच आवाज आणि झोका दिल्यासारखी चाल. मला ते अंगाईगीत वाटायचं. इतकं वाटायचं की भाचीला त्यावर झोपवायचे. मग एक दिवस शब्द नीट वाचले. एक जिप्सी बाई चंद्राकडे नवरा मागते. स्पॅनिशमध्ये चंद्र बाई आहे, तिला आई व्हायचंय, म्हणून ती बदल्यात पहिलं मूल मागते. मूल जन्मतं ते पांढरंफटक, करड्या डोळ्यांचं. नवऱ्याला वाटतं बायकोने फसवलं. तो तिला सुऱ्याने मारतो आणि मूल डोंगरावर टाकून येतो. वाचून मी थंड पडले. भाचीला काय गाऊन दाखवत होते मी!

पण शेवट ऐका. मूल रडलं की चंद्र कलेकलेने कमी होते, त्याचा पाळणा व्हावा म्हणून. म्हणजे ती अंगाईसुद्धा आहे! कानाने जे ओळखलं होतं ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. मधला सुरा तेवढा कानाला दिसला नव्हता.

त्यामुळे मी कुणाच्याच बाजूने हात वर करणार नाही. मला दोन्ही ऐकणी हवी होती, आणि पहिलं आता परत मिळत नाही. याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं.

तिरकस

भाची झोपायची ना? मग झालं तर.

उंबरठा

वहीताई, 'अपुरं' हा शब्द मला हवा होता, सुचत नव्हता. 'उद्धट' मागे घेते.

सूरपारंबींना एकच विचारते. तुम्ही म्हणता भाषा कुठलीही असो, गळा वाजला पाहिजे. हे गाणाऱ्या तिथल्या बँडांना मात्र भाषा कुठलीही चालणार नव्हती. रॉक म्हणजे इंग्रजी अशीच समजूत होती. तुमचा लाडका बँड सुरू झाला त्याच १९८२ मध्ये माल्विनास (फॉकलंड) बेटांवरून अर्जेंटिनाचं ब्रिटनशी युद्ध झालं, लष्करी सरकारने रेडिओवरून इंग्रजी गाणी हटवली, आणि त्या रिकाम्या जागेत स्थानिक रॉक उसळून वर आलं. पुढे मेक्सिकोत रेकॉर्ड कंपनीने या सगळ्या गाण्यांना 'रॉक एन तू इदियोमा', तुझ्या भाषेतलं रॉक, असं नावच देऊन टाकलं. शब्द राहू दे बाजूला, पण ते स्पॅनिशमध्ये गातात हेच मुळात ते काहीतरी सांगताहेत.

मधली_ओळ

यावर मात्र सूरपारंबींनीच यावं. मी पाणी प्यायला जातोय.

सूरपारंबी

आलो. दोन दिवस मुद्दाम गप्प होतो.

उंबरठा, शेवटचा मुद्दा पटला, पण तो माझ्याविरुद्ध जात नाही. हे स्पॅनिश आहे, इंग्रजी नाही, हे मला पहिल्या ओळीपासून ऐकू येतंच की. त्यासाठीच तर ऐकतो. शब्द न कळता ब्वेनोस आयरेसचं गाणं मी ओळखतो, कारण बाकीचे 'यो' म्हणतात तिथे ते 'शो' म्हणतात. पोर्तो रिकोचे शब्दाच्या शेवटचा 'स' खाऊन टाकतात. स्पेनमधल्यांची जीभ मध्येच दातांत येते. सगळ्या स्पॅनिश गाण्यांना मी एकाच पोत्यात भरत नाही. अर्थ न कळणाऱ्याचा कान बहिरा असतो असं धरून चालू नका.

एरोएस देल सिलेन्सियो हा सारागोसाचा बँड नव्वदीत जर्मनीत तुफान चालला. त्या जर्मन पोरांना काय स्पॅनिश येत होतं? शिवाय त्यांचे शब्द इतके धूसर की भाषा येणारेही डोकं खाजवतात असं म्हणतात. उलट १९८० मध्ये अर्जेंटिनाच्या सेरू हिरान या बँडने लष्कराच्या नाकाखाली 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'च्या गोष्टीआडून देशाची गोष्ट सांगितली, ती भाषा येणाऱ्यांपासूनच लपवण्यासाठी. शब्द कळणं म्हणजे गाणं कळणं नव्हे, हे मी तुमच्याच उदाहरणांच्या जातीचं उदाहरण देऊन म्हणतोय.

आता कबुली. 'मातादोर'चं वाचल्यावर मी ते परत लावलं. ढोल तेच आहेत. पण मी आता त्यावर खुर्चीत डोलू शकत नाही, मान मागे वळते. तुमचं बरोबर होतं, आणि त्याबद्दल मी तुमच्यावर थोडा चिडलोय. 'ला इनग्राता' काढून टाकलं. 'इहो दे ला लूना' ठेवलंय, भाषांतरासकट.

नियमाची बऱ्यापैकी वाट लागली आहे, पण मोडला असं म्हणणार नाही. एक गाणं वाचवून ठेवतोय. चिलीच्या लोस प्रिसिओनेरोस बँडचं 'एल बायले दे लोस के सोब्रान', १९८६ चं. २०१९ च्या तिथल्या आंदोलनात लोकांनी ते रस्त्यावर गायलं होतं एवढं माहीत आहे, म्हणजे आत काहीतरी भरलेलं असणार. त्याच्या सुरुवातीला एक कुत्रं भुंकतं. मला ते फार आवडतं. ते का भुंकतं हे इथे कुणीही सांगू नये.

उंबरठा

नाही सांगत. नावाचा अर्थ तेवढा सांगू का?

सूरपारंबी

ताई!